कोकणातल्या उकाड्यात प्लांटेड टँकला सिलिंडरचा सीओटू लावायचा असेल तर

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं. गुहागरला घर, माशांची आणि जिवंत पाणवनस्पतींची (प्लांटेड) ३ फुटी टाकी, साधारण १३० लिटर पाणी, पाणी घरच्या विहिरीचं. झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) द्यायला सध्या सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याच्या बाटल्यांचं किट चालू आहे पण दाब कधी जास्त कधी कमी, झाडं अर्धवट वाढतात आणि पानांवर शेवाळ येतं. एप्रिल-मेमध्ये मासे दुपारी वर येऊन तोंड उघडझाप करतात. लाइट वरचेवर जाते. घरात लहान मुलगा आहे आणि सासूबाईंना सिलिंडर घरात नकोय. तर २ किलोचा घ्यावा का ५ किलोचा, सेकंदाला किती बबल सोडायचे आणि मुळात हे सुरक्षित आहे का.

मी रत्नागिरी ते मालवण पट्ट्यात घरांमधून आणि हॉटेलांमधून प्लांटेड टँक लावून देतो आणि सांभाळतो, त्यामुळे हे उत्तर आपल्याकडची हवा, आपल्याकडचं पाणी आणि आपल्याकडची लाइट धरून देतोय. घ्या सिलिंडर, नक्की घ्या, किटपेक्षा कितीतरी स्थिर काम आहे. पण किती बबल हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. आपल्याकडे गॅस पाण्यात घालणं अवघड नाहीये, त्या पाण्यात ऑक्सिजन टिकवणं अवघड आहे, आणि तुमचे मासे आत्ता सिलिंडर नसतानाही वर येतायत म्हणजे तिथे आधीच कमी पडतंय. हे आधी सोडवा मग गॅस.

कारण सांगतो. व्हिडिओंमधे आणि किटच्या कागदावर जे आकडे असतात ते २४-२५ अंशांच्या पाण्यासाठी असतात. त्या तापमानाला पाणी लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, तेच ३१ अंशांना साडेसातच्याही खाली येतं. फरक आकड्यात छोटा दिसतो, पण पाणी तापलं की माशाचा श्वास वाढतो, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, तळातले जिवाणू पण जास्त खातात, म्हणजे मागणी वाढली आणि पुरवठा कमी झाला. त्यात पाण्यात सीओटू जास्त असेल तर माशाच्या रक्तातला सीओटू कल्ल्यांतून बाहेर पडायला अडतो आणि रक्ताची ऑक्सिजन धरायची ताकदही कमी होते. म्हणून थंड पाण्यात जे ३० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) सीओटू मासे निवांत सोसतात तेच मे महिन्यात त्रास देतं. माझं मत असं की सिस्टिम बसवताना मे महिन्यातली सगळ्यात वाईट दुपार डोळ्यापुढे ठेवून बसवावी, डिसेंबरात ती आपोआप चांगली चालते.

तर पहिलं काम, फिल्टरच्या आउटलेटने पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा. लोक म्हणतात पाणी हललं की गॅस उडून जातो. थोडा जातो, जाऊ दे, सिलिंडरचा गॅस स्वस्त आहे, थोडा जास्त सोडायचा. मासा गेला तर परत येत नाही. पाण्यावर तेलकट साय येत असेल तर ती काढाच, तिच्यामुळे हवा आणि पाणी यांची देवाणघेवाण अडते. दुसरं, रात्री एअर पंप चालवा, टाकीचा एलईडी बंद झाला की पंप सुरू आणि सकाळी गॅस सुरू व्हायच्या आधी पंप बंद. रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात त्यामुळे पहाटे टाकीत ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, आणि नेमका त्याच वेळी गॅस सुरू झाला तर मासे अडकतात. पंप रात्रभर चालला असेल तर सकाळ ऑक्सिजनने भरलेल्या पाण्याने सुरू होते.

पंख्याबद्दल पण विचारतात. टाकीवर पंखा लावून पाणी थंड होतं ते बाष्पीभवनामुळे, आणि आपल्या मे महिन्यातल्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी होतं. पुण्यात जो फरक पडतो तेवढा गुहागरात नाही पडणार, एखाद-दोन अंश मिळाले तरी घ्या पण त्यावर विसंबू नका. आणि उडालेल्या पाण्याच्या जागी विहिरीचं पाणी सारखं घालत राहिलात तर टाकीत क्षार साठत जातात, खाडीजवळची विहीर असेल आणि मेमध्ये पाणी मचूळ होत असेल तर जास्तच. उडालेलं पाणी भरायला पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी वापरा.

आता सिलिंडर. १३० लिटरला २ किलोचा पुरतो, पण तुम्हाला मी ४-५ किलोचा घ्या म्हणेन, कारण गॅस नाही, वाट. गुहागरातून चिपळूण किंवा रत्नागिरीला भरायला न्यायचा म्हणजे दिवस जातो, भरणारा तेव्हा दुकानात असेलच असं नाही, आणि भरपावसात ते कोणी करत नाही. मोठा सिलिंडर फक्त एवढाच बघा की कॅबिनेटमध्ये किंवा बाजूला उभा मावतोय. आडवा कधीच ठेवायचा नाही, कारण आत द्रवरूप सीओटू असतो, आडवा केला की तो द्रव रेग्युलेटरमध्ये जातो आणि तिथे एकदम फुगून गोठतो, सील जातात. तुलनेसाठी सांगतो, तुमच्या किटमध्ये २०० ग्रॅम खाण्याचा सोडा पूर्ण संपला तर त्यातून साधारण १०५ ग्रॅम सीओटू निघतो. म्हणजे २ किलोच्या सिलिंडरमध्ये असे १९ वेळा किट भरण्याइतका गॅस आहे, आणि तोही एकसारख्या दाबाने.

आगीच्या सीओटूच्या नळकांड्याबद्दल नीट ऐका कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त तेच वापरतात, साडेचार किलोचं सेकंडहँड मिळतं म्हणून. त्या नळकांड्यात आत एक लांब नळी असते, तळापर्यंत जाणारी, कारण आग विझवायला द्रवच बाहेर यायला हवा असतो. तसाच रेग्युलेटर लावलात तर उभा ठेवूनही द्रवच वर येणार. ती नळी काढलेली आणि दाबायच्या हँडलऐवजी फिरवायचा व्हॉल्व्ह बसवलेला असेल तरच घ्या, आणि हे काम फायर सेफ्टीवाल्याकडूनच करून घ्या, घरी पाना लावू नका. भरलेल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह घरी खोलून काढायला जाणं हा जिवाशी खेळ आहे, हे मी कडक शब्दांत सांगतोय.

कुठलाही सिलिंडर घ्या, त्याच्या खांद्यावर ठोकलेली अक्षरं वाचा. रिकाम्या सिलिंडरचं वजन, टेस्टचा दाब आणि शेवटच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या मजबुतीच्या तपासणीची) तारीख असते. टेस्टला ५ वर्षं उलटली असतील तर आधी टेस्ट मग भरणं. आपल्याकडे गॅस सिलिंडरचे नियम पेसो हे केंद्र सरकारचं खातं बघतं, ज्याचं मुख्यालय नागपूरला आहे, तर त्यांची मान्यता असलेला सिलिंडर आणि बिल दोन्ही मागा. भरताना काट्यावर वजन आधी आणि नंतर समोर उभं राहून बघा. कमी भरलं तर पैशाचं नुकसान, जास्त भरलं तर त्याहून वाईट. सीओटू ३१ अंशांच्या वर गेला की आत द्रव आणि वायू असा फरकच राहत नाही, सगळं एकच होतं, आणि तिथून पुढे दाब किती चढणार हे आत किती किलो कोंबलाय त्यावर ठरतं. आपल्याकडे घरात ३२-३३ अंश सहज होतात, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर कितीतरी वर. म्हणून ५ किलोच्या सिलिंडरमध्ये ५ किलोच, "घाल अजून थोडा" असं भरणाऱ्याला कधी सांगू नका. जास्त भरलेला सिलिंडर तापला की त्याची सेफ्टी डिस्क फुटते आणि सगळा गॅस एका दमात बाहेर.

रेग्युलेटरवरच्या दाबाच्या काट्याचं एक समजून घ्या म्हणजे उगाच घाबरायला होणार नाही. मोठ्या दाबाचा काटा गॅस किती उरलाय ते सांगत नाही, खोली किती गरम आहे ते सांगतो. २० अंशांना ५७ बारच्या आसपास, २५ ला ६४, ३० ला ७२. आत द्रव शिल्लक आहे तोपर्यंत सिलिंडर पाऊण भरलेला असो की पाव, आकडा तोच. जानेवारीत सकाळी काटा खाली आला म्हणून गॅस संपला नाही आणि मेमध्ये ७० च्या वर गेला म्हणून बिघाड नाही. किती उरलाय ते बघायचं तर लटकवायचा डिजिटल काटा घ्या, वजन करा, रिकामं वजन वजा करा. दाबाचा काटा त्याच हवामानात ५० च्या खाली उतरला की आतला द्रव संपलाय असं समजा आणि त्याच दिवशी बंद करून भरायला काढा, का ते पुढे येतं.

पैसे घालायचे तर रेग्युलेटरवर घाला, बाकी सगळीकडे काटकसर चालेल. स्वस्तातले सिंगल स्टेज असतात, त्यात सिलिंडरचा दाब कोसळायला लागला की बाहेरचा दाब उलट वाढतो. म्हणजे गॅस संपत येतो तेव्हाच बबल एकदम वाढतात, आणि रात्रीतून नाही तर भर दुपारी टाकीत सीओटू फार होतो. ड्युअल स्टेजमध्ये हे जवळपास होत नाही. खरेदी करताना दोन काटे म्हणजे ड्युअल स्टेज असं समजू नका, बरेच दुकानदार तसं सांगून विकतात. एक काटा सिलिंडरचा दाब दाखवतो, दुसरा बाहेर जाणारा, आणि असे दोन काटे सिंगल स्टेजवर पण असतात. ड्युअल स्टेजमध्ये दाब दोन टप्प्यांत उतरवतात, पोटात दोन कप्पे असतात. बजेट नसेल तर सिंगल स्टेज घ्या पण मग ५० बारचा नियम काटेकोर पाळा. आणि सिलिंडर घ्यायला जाताना रेग्युलेटर बरोबर न्या, आटे जुळतात का तिथेच लावून बघा, नंतर ॲडॉप्टर शोधत फिरण्यात महिना जातो. नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे बबल कमीजास्त करायचा बारीक नॉब, चांगला हवा, थोडं फिरवलं की थोडंच बदललं पाहिजे. पाव वळणात शून्यावरून धो धो होणारा व्हॉल्व्ह रोज डोकं खाईल.

आता लाइट. सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघड-बंद होणारा गॅसचा व्हॉल्व्ह, नॉर्मली क्लोज्ड प्रकारचा घ्या, लाइट गेली की तो आपोआप बंद होतो आणि गॅस थांबतो. हे आपल्यासाठी वरदान आहे, म्हणून सोलेनॉइड कधीही इन्व्हर्टरवर घेऊ नका. इन्व्हर्टरवर फिल्टर आणि एअर पंप घ्या. लाइट गेल्यावर गॅस चालू आणि फिल्टर बंद अशी अवस्था सगळ्यात घातक. दुसरा घोटाळा टायमरचा. गोल फिरणारा मेकॅनिकल टायमर लाइट गेली की जागीच थांबतो, दोन तास गेली की दोन तास मागे पडतो, पावसाळ्यात आठवडाभरात तो इतका सरकतो की गॅस संध्याकाळी सुरू होऊन रात्री चालू राहतो, झाडं झोपलेली, गॅस नुसता साठतोय. आतल्या बॅटरीवर वेळ सांभाळणारा डिजिटल टायमर घ्या, एक सोलेनॉइडला, एक एलईडीला. जून २०२० च्या निसर्ग वादळात अलिबाग, श्रीवर्धन, दापोलीकडे किती दिवस लाइट नव्हती ते आठवत असेल. तसा अंदाज आला की सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह हातानेच बंद करून ठेवायचा, माशांचं खाणं बंद करायचं, बॅटरीवरचा एअर पंप लावायचा. झाडं चार दिवस गॅसविना काही मरत नाहीत.

नळी सिलिकॉनची नको, सिलिकॉनमधून सीओटू आरपार निघून जातो. पीयूची कडक नळी घ्या. टाकीच्या आधी चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच, कारण गॅस बंद झाला की नळीतला दाब उतरतो आणि टाकीतलं पाणी उलट नळीतून रेग्युलेटरकडे यायला लागतं. बबल काउंटरमध्ये, म्हणजे बबल मोजायच्या छोट्या नळीत, पाण्याऐवजी ग्लिसरीन घाला, उडत नाही. डिफ्यूझर (गॅसचे बारीक बबल करून पाण्यात सोडणारा) १३० लिटरला साधा सिरॅमिकचा पुरे, दीड-दोन बार दाबावर चालतो, फिल्टरच्या प्रवाहाखाली पण टाकीत शक्य तितका खाली लावा. कॅनिस्टर फिल्टर असेल तर नळीत बसणारा इनलाइन ॲटमायझर जास्त चांगला, त्याला दाब जरा जास्त, अडीच-तीन बारपर्यंत लागतो. सिरॅमिकवर हिरवं चढलं की बबल मोठे येतात, मग तो काढून पातळ ब्लीचमध्ये बुडवा, भरपूर धुवा, क्लोरीन उतरवणारं औषध घातलेल्या पाण्यात ठेवा आणि वास पूर्ण गेल्यावरच परत लावा. ब्रशने घासू नका, छिद्रं बुजतात.

जोडताना रेग्युलेटरचा वॉशर नीट बसलाय ना बघा, सील वॉशरने होतं, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. दाबाचा नॉब पूर्ण सैल, नीडल व्हॉल्व्ह बंद, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, आणि उघडताना काट्याच्या काचेसमोर तोंड नको, बाजूला उभ्या रहा. काटा चढला की नॉब फिरवून बाहेरचा दाब दोन बारवर आणा, सोलेनॉइडला लाइट द्या आणि मग नीडल व्हॉल्व्ह अगदी थोडा. सगळ्या जोडांवर भांड्यांच्या साबणाचा फेस ब्रशने लावा, कुठे फुगा धरतोय का बघा. त्याहून खात्रीचं म्हणजे रात्री सोलेनॉइड बंद असताना सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, काट्याचा फोटो काढा, सकाळी परत बघा. किंचित फरक थंडाव्याने पडतो, पण काटा निम्म्यावर आला असेल तर कुठेतरी गळतंय.

सासूबाईंना नीट सांगा की हा स्वयंपाकाच्या गॅससारखा नाही, पेटत नाही, उलट याने आग विझते. पण धोका नाही असं मी म्हणणार नाही, धोका वेगळा आहे, आणि या गॅसला वास नसतो म्हणून गळती कळत नाही. हिशोब करून बघा. २ किलो सीओटू म्हणजे साधारण ११०० लिटर वायू. दहा बाय दहाची, ९ फूट उंचीची खोली म्हणजे साडेपंचवीस हजार लिटर हवा. खोली बंद असताना सगळा सिलिंडर एकदम सुटला तर हवेत ४ टक्क्यांच्या वर सीओटू होतो, आणि ४ टक्के ही जिवाला तात्काळ धोका मानली जाणारी पातळी आहे. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, खाली बसतो, म्हणजे लहान मुलाच्या उंचीवर आधी. ५ किलोचा असेल तर हिशोब तुम्हीच करा. म्हणून टाकी एसीच्या बंद बेडरूममध्ये असेल तर सिलिंडर तिथे नको, ओटीवर किंवा हवा खेळणाऱ्या हॉलमध्ये ठेवा, ऊन थेट येणार नाही असं. नळी लांब घेतली तरी चालते. सिलिंडर भिंतीला साखळीने किंवा पट्ट्याने बांधा, मुलाने ओढला तरी पडता कामा नये, कारण पडून व्हॉल्व्ह मोडला तर तो सिलिंडर जागेवर राहत नाही. नॉबपर्यंत हात पोचणार नाही असं जाळीचं दार करून घ्या, पण पूर्ण बंद लाकडी दार नको. नेताना गाडीच्या काचा उघड्या, सिलिंडर बांधलेला, आणि एसटीने न्यायचा विचार पण करू नका.

आता पाणी, आणि इथे आपल्याकडे सगळे फसतात. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक वेळा सॉफ्ट असतं, केएच (पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं माप) १-२, आणि ताजं काढलेल्या पाण्याचा पीएच पाच-सहाच्या मधे दिसतो. लोकांना वाटतं पाणीच आम्लधर्मी. पण जमिनीखालच्या पाण्यात मुळातच सीओटू विरघळलेला असतो, बादलीत रात्रभर ठेवा आणि सकाळी मोजा, पीएच चढलेला असेल. तोच तुमचा खरा पीएच, मोजणी तिथून सुरू करायची. टाकीचं एक ग्लास पाणी २४ तास बाहेर ठेवून पीएच मोजा, मग गॅस चालू असताना टाकीत मोजा. साधारण १ ने उतरला की गॅस झाडांना भरपूर झाला, आपल्या उन्हाळ्यात ०.७-०.८ वरच थांबा. पीएच पेन असेल तर ७ आणि ४ च्या बफरने जुळवून घ्या, आणि सॉफ्ट पाण्यात पेन स्थिर व्हायला वेळ घेतं, घाई नको.

तरी रोजच्यासाठी ड्रॉप चेकर, म्हणजे रंगावरून सीओटू दाखवणारी काचेची छोटी कुपी, लावाच, पण त्यात टाकीचं पाणी भरू नका. त्यात ४ केएचचं ठरलेलं पाणी लागतं, घरी होतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर १ लिटर, त्यात खाण्याचा सोडा १.२ ग्रॅम, हे झालं ४० केएच. याचा एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटरचे नऊ भाग, झालं ४. सोनाराच्या वजनाचा छोटा डिजिटल काटा चालतो. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे (पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रावाचे) दोन-तीन थेंब. ४ केएचला पीएच ६.६ आला की सीओटू ३० पीपीएम होतो आणि रंग हिरवा दिसतो, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे जास्त. डिफ्यूझरपासून लांबच्या कोपऱ्यात लावा, मागे पांढरा कागद धरून बघा, आणि लक्षात ठेवा की तो दोन तासांपूर्वीची गोष्ट सांगतो. मार्चपासून पहिला पाऊस पडेपर्यंत निळसर हिरव्यावर ठेवा, म्हणजे १५ ते २० पीपीएम, आणि त्याच वेळी एलईडी पण कमी करा. प्रकाश जास्त आणि गॅस कमी असं झालं की शेवाळ, दोन्ही बरोबर खाली आणायचे.

पीएच बघून गॅस आपोआप चालू-बंद करणाऱ्या पीएच कंट्रोलरवर पैसे घालू नका असं मी किनाऱ्यावरच्या लोकांना सांगतो. पावसाळ्यात विहिरीचा केएच उतरतो, उन्हाळ्यात चढतो, आणि कंट्रोलरला ते कळत नाही, तो जुन्याच पीएचवर अडून बसतो. त्यात आपल्याकडे टाकीत समुद्राची वाळू, शिंपले, कालवांची कवचं घालायची हौस. सीओटू सुरू केला की पाणी आम्लाकडे जातं आणि ती कवचं विरघळायला लागतात, केएच आणि हार्डनेस हळूहळू चढत राहतो, मग पीएच वाचून केलेला कुठलाच हिशोब जुळत नाही. वाळूवर सायट्रिक ॲसिडचं पाणी टाकून बघा, तुमच्याकडे आहेच, फेस आला तर ती वाळू काढा. शोभेला जांभ्याचा चिरा ठेवायचा तर बिनधास्त ठेवा. केएच अगदीच १ च्या खाली असेल तर थोडासा खाण्याचा सोडा पाणी बदलताना घाला, १०० लिटरला ३ ग्रॅमने केएच १ ने चढतो. त्याने कॅल्शियम-मॅग्नेशियम मात्र मिळत नाही, आणि जांभ्याच्या पाण्यात ते कमीच असतं, त्यासाठी थोडं कॅल्शियम आणि एप्सम सॉल्ट वेगळं द्यावं लागतं. गॅस मिळाला की झाडं नायट्रेट-पोटॅश पण जास्त ओढतात, खत न देता नुसता गॅस वाढवलात तर पानांना भोकं पडतील आणि दोष गॅसवर येईल.

सुरुवात सुट्टीच्या दिवशी करा, दिवसभर घरी असाल तेव्हा. सेकंदाला एक बबल, बस. प्रत्येक काउंटरचा बबल वेगळ्या आकाराचा असतो म्हणून दुसऱ्याचा आकडा तुमच्या टाकीला लागू होत नाही, तुमच्या टाकीत कालपेक्षा आज किती एवढ्याच तुलनेला तो कामाचा. गॅस एलईडीच्या दीड तास आधी सुरू, एलईडी बंद व्हायच्या तासभर आधी बंद. उन्हाळ्यात एलईडी सकाळी ८ ते २ ठेवा, कारण टाकीचं पाणी सगळ्यात तापतं ते चार-पाचच्या सुमाराला, तेव्हा गॅस उतरलेला असला पाहिजे. दोन-तीन दिवस तसंच चालू द्या, मग किंचित वाढवा, परत दोन-तीन दिवस. मासे बघायचे ते गॅस बंद व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात, तेव्हा तो सगळ्यात जास्त असतो. वर जमले, कल्ले भराभर हलवायला लागले, कोळंबी धावपळ करून वर चढायला लागली तर गॅस बंद, एअर पंप चालू, आणि एक तृतीयांश पाणी बदला, बादलीत ठेवलेलं, ताजं विहिरीचं नको, कारण त्यात आधीच सीओटू आहे हे वर सांगितलं. त्या वेळी ताजं पाणी ओतणं म्हणजे गॅसच ओतणं.

झाडांचं एक मनापासून सांगतो. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरीन असली झाडं तुम्हाला चालतील, गॅस कमी असला तरी धरतात आणि उकाडा सोसतात. सह्याद्रीतल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरीन आपोआप उगवलेलं दिसतं, त्यातल्या काही जाती जगात फक्त याच पट्ट्यात आहेत, ती उपटून टाकीत आणू नका, नर्सरीतली घ्या. लाल रोटाला मॅक्रँड्रासारखं झाड डिसेंबरात लावा, पहिल्याच मेमध्ये नको.

खाऱ्या हवेचं शेवटचं. पितळी जोडांवर हिरवा कळंक चढतो, महिन्याला कोरड्या फडक्याने पुसा, सोलेनॉइडच्या वायरीला खाली एक वळसा द्या म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत जाणार नाही, आणि शक्यतो १२ व्होल्टचा सोलेनॉइड घ्या. कॉइल हाताला गरम लागते ते नॉर्मल आहे. लोखंडी सिलिंडर फरशीवर थेट ठेवला तर पावसाळ्यात बूड गंजतं, खाली रबराची जाड मॅट घाला आणि वर्षातून एकदा बूड बघा. गंजाचे पापुद्रे सुटत असतील तर वरून रंग मारू नका, टेस्टला द्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सिलिंडर वजन करून बघा आणि निम्म्याच्या खाली असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत भरून आणा, रेग्युलेटरचे दोन वॉशर आणि एक चेक व्हॉल्व्ह जादा आणून ठेवा, जुलैमध्ये गुहागरात ते मिळत नाहीत.